कलाव्रिता : १३ डिसेंबर १९४३ नंतर गाव पुन्हा कोणी उभे केले?

कोथरूडचे मास्तर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी आणि सौ. ग्रीसला जाऊन आलो. अथेन्स, डेल्फी वगैरे सगळ्यांचे होते तेच आमचेही झाले. पण परतीच्या आधी दोन दिवस हाताशी होते, म्हणून पेलोपोनीजच्या उत्तर किनाऱ्यावरील दिआकोप्तो स्थानकातून सुटणाऱ्या छोट्या गाडीने कलाव्रिता या डोंगरातल्या गावी गेलो. हौस गाडीची होती, हे आधीच कबूल करतो. १८९६ साली सुरू झालेला हा मार्ग साधारण २२ किलोमीटरचा आहे, रुळांमधले अंतर अवघे ७५० मिलिमीटर आहे, आणि व्हुराइकोस नदीच्या घळीतून चढताना जिथे चढ फार अंगावर येतो तिथे गाडीखालचे दातेरी चाक मधल्या दातेरी पट्टीत अडकते व गाडी पायी चालणाऱ्याच्या चालीने वर सरकते. आपल्याकडे उटीच्या गाडीला हीच व्यवस्था आहे. माथेरानची गाडी नुसत्या वळणांवर निभावते.

गावात उतरल्यावर मात्र गाडी विसरलो. चौकातल्या मोठ्या चर्चच्या एका मनोऱ्यावरचे घड्याळ दोन वाजून चौतीस मिनिटांवर थांबलेले आहे आणि ते मुद्दाम तसेच ठेवलेले आहे. १३ डिसेंबर १९४३ रोजी दुपारी त्या वेळेला गावातील पुरुषांना टेकडीवर नेऊन जर्मन सैन्याने गोळ्या घातल्या. स्थानकाजवळच्या ज्या शाळेत बायकामुलांना कोंडले होते, तिथे आता संग्रहालय आहे. टेकडीवर दगडांत नावे कोरलेली आहेत. सौ.ला ग्रीक लिपी वाचता येत नाही, पण तीच म्हणाली, “अहो, इथे एकच शब्द पाच वेळा आलाय.” ते आडनाव होते.

आमच्या सदाशिव पेठेतील अभ्यास मंडळात येत्या डिसेंबरमध्ये या गावावर चाळीस मिनिटे बोलण्याचे मी कबूल करून बसलो आहे. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हेच गाव का? दुसरे, शाळेला आग लावल्यावर एका ऑस्ट्रियन सैनिकाने दार उघडून बायकामुलांना वाचवले, असे आमच्या वाटाड्याने सांगितले. ते कितपत खरे? आणि तिसरे, जे मला सर्वात जास्त छळते आहे: घरे जळाली, कर्ते पुरुष गेले, गुरे गेली, आणि तरीही आज तिथे हॉटेले, दुकाने, बर्फावर घसरण्याच्या खेळाला येणाऱ्यांची गर्दी असे नांदते गाव आहे. मधल्या काळाबद्दल वाटाड्या एवढेच म्हणाला की “नंतर गाव पुन्हा बांधले गेले.” आयुष्यभर व्याकरण शिकवले असल्यामुळे कर्मणी प्रयोग दिसला की मी कर्ता शोधू लागतो. या वाक्यात तो मला सापडत नाही.

औंधचा दुभाषी यांचे उत्तर

मास्तर, नमस्कार. पोटापाण्यासाठी मी जर्मनमधून भाषांतरे करतो आणि या विषयावरचे जर्मन लेखन बरेच वाचलेले आहे, म्हणून पहिल्या दोन प्रश्नांना हात घालतो.

एप्रिल १९४१ मध्ये जर्मनीने ग्रीस जिंकला आणि देशाचे तीन वाटे झाले: काही भाग जर्मनांकडे, काही बल्गेरियाकडे आणि बराचसा इटलीकडे. पेलोपोनीज इटलीच्या वाट्याला आला होता. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली, तेव्हा या डोंगराळ द्वीपकल्पाचा सगळा भार जर्मनांच्या ११७ व्या येगर (म्हणजे हलके पायदळ) डिव्हिजनवर पडला. या डिव्हिजनचा पूर्वेतिहास आपल्या व्याख्यानात यायला हवा. आधी ती ७१७ वी पायदळ डिव्हिजन म्हणून सर्बियात होती आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये क्रालेवो व क्रागुयेवात्स या गावांतील सामुदायिक हत्यांत तिचा हात होता. म्हणजे कलाव्रितात जे घडले ते कोणा एका अधिकाऱ्याचे डोके भडकल्यामुळे घडले नाही. या सैन्याला ती रीत आधीपासून ठाऊक होती.

हेच गाव का, याचे नजीकचे कारण केरपिनी. १७ ऑक्टोबर १९४३ च्या सुमारास या डिव्हिजनची एक कंपनी टेहळणीसाठी कलाव्रिताच्या दिशेने आली असता केरपिनी गावाजवळ एलास या डाव्या प्रतिकार सेनेच्या गनिमांनी तिला गाठले आणि ८० च्या आसपास सैनिक कैद केले. अदलाबदलीच्या वाटाघाटी रेंगाळल्या व फिसकटल्या. डिसेंबरच्या सुरुवातीला जर्मन तुकड्या पात्रास, एगिओ, त्रिपोली या पेलोपोनीजमधल्याच वेगवेगळ्या शहरांकडून या भागावर चालून निघाल्या, आणि ७ डिसेंबरला गनिमांनी जवळजवळ सर्व कैद्यांना मारून टाकले. ते कळल्यावर डिव्हिजनचा सेनापती कार्ल फॉन ल स्विर याने १० डिसेंबरला परिसरातील गावे जाळण्याचा व पुरुषांना गोळ्या घालण्याचा हुकूम काढला. वाटेतली कित्येक खेडी मात्र त्या हुकुमाआधीच जाळून झाली होती. आपण गाडीतून गेलात त्याच घळीच्या वरच्या अंगाला मेगा स्पिलेओ हा कड्याला चिकटलेला मठ आहे. तेथील साधूंना ८ डिसेंबरलाच ठार करण्यात आले होते.

सैन्य कलाव्रितात शिरले ते ९ डिसेंबरला. पहिले काही दिवस अधिकाऱ्यांनी लोकांना दिलासा दिला, गनिमांशी संबंध असलेल्यांची घरे तेवढी जाळली, आणि १२ तारखेला तर सैन्य परतण्याच्या तयारीत असल्याचे चित्र उभे राहिले. जे डोंगरात पळाले होते त्यांच्यातले काही याच भरवशावर घरी आले. १३ तारखेला पहाटे चर्चच्या घंटा वाजल्या. प्रत्येकाने एक घोंगडी आणि एका दिवसाचे अन्न घेऊन शाळेत जमावे, असा हुकूम फिरला. शाळेत बायकामुले वेगळी काढली गेली आणि साधारण तेरा-चौदा वर्षांच्या मुलापासून वरच्या सर्व पुरुषांना कापी नावाच्या शेताच्या उतारावर नेण्यात आले. ती जागा एखाद्या रंगमंडलासारखी खोलगट आहे. तिथे बसलेल्यांना खाली आपले गाव जळताना दिसत होते. मग गावातून इशाऱ्याचा दारूगोळा आकाशात उडाला आणि मशीनगन सुरू झाल्या. प्रेतांखाली दबून तेरा जण वाचले. दुसऱ्या दिवशी जाता जाता सैन्याने अगिया लाव्रा मठ जाळला. १८२१ च्या स्वातंत्र्ययुद्धाचा झेंडा तिथे उभारला गेला, असे ग्रीक मानतात, आणि इब्राहीम पाशाच्या सैन्याने १८२६ मध्येही तो एकदा जाळला होता.

आकड्यांबद्दल सावध राहावे. जुन्या पुस्तकांत हजार-बाराशे असे आकडे दिसतात. संपूर्ण मोहिमेतील मृतांची संख्या सुमारे ७०० आणि त्यांपैकी कलाव्रिता गावातील सुमारे ५००, हा हिशेब आज अधिक विश्वासार्ह धरला जातो.

आता तो ऑस्ट्रियन सैनिक. शाळेला आग लागलेली असताना बायकामुले बाहेर पडली, एवढे निर्विवाद आहे. कशी पडली, याबद्दल वाचलेल्यांच्याच आठवणी एकसारख्या नाहीत: कोणी सांगतात की दार आतून रेटून तोडले, कोणी सांगतात की पहाऱ्यावरच्या सैनिकाने वाट मोकळी केली. त्यातून पुढे ‘दयाळू ऑस्ट्रियन’ तयार झाला आणि त्याच्याच लोकांनी त्याला गोळी घातली, असा शेवटही त्याला चिकटला. लष्करी कागदपत्रांत अशा शिक्षेचा माग लागत नाही. शिवाय या डिव्हिजनमध्ये ऑस्ट्रियन सैनिक पुष्कळ होते. टेकडीवर मशीनगनमागेही ते होतेच. तेव्हा गोष्ट सांगायची तर तीही बाजू सांगावी.

वानवडीचे निवृत्त यांचे उत्तर

दुभाषी यांचे विवेचन उत्तम आहे. एका मुद्द्यावर थोडी भर आणि थोडा मतभेद.

मतभेद असा की कैद्यांच्या हत्येचा उल्लेख आपण कारण म्हणून करता आणि पुढे जाता. शरण आलेल्या सैनिकांना मारणे हा युद्धाच्या नियमांचा भंगच होता, आणि गावाला त्याची किंमत मोजावी लागेल याची कल्पना गनिमांना नसेल असे मानणे कठीण आहे. या मुद्द्यावरून कलाव्रितात आणि एकूण ग्रीसमध्ये पुढे अनेक दशके भांडणे झाली. याने जर्मनांचा अपराध तसूभरही कमी होत नाही. निःशस्त्र गावकऱ्यांना ओळीने मारण्याचे समर्थन कशानेही होत नाही. पण व्याख्यानात हा भाग एका वाक्यात उरकू नये, कारण गावाचे पुढचे दुःख त्याच्याशी जोडलेले आहे.

भर अशी. ऑक्टोबर १९४४ मध्ये जर्मन ग्रीसमधून निघून गेले आणि आपल्याकडच्या पुस्तकांत तिथे ‘मुक्तता’ असे लिहून प्रकरण संपते. प्रत्यक्षात त्याच डिसेंबरमध्ये अथेन्समध्ये ब्रिटिश फौजा व एलास यांच्यात लढाई जुंपली. आपली चौथी भारतीय डिव्हिजन इटलीतून थेट या गोंधळात आणली गेली होती. तिची एक ब्रिगेड अथेन्सला, एक थेस्सालोनिकीला आणि अकरावी ब्रिगेड पात्रासला होती. पात्रास ते कलाव्रिता हे अंतर रस्त्याने साधारण ७५ किलोमीटर, म्हणजे इथून साताऱ्यापेक्षाही कमी. अथेन्सजवळ फालेरॉन येथील युद्ध दफनभूमीत ज्या भारतीय सैनिकांचे दहन झाले त्यांच्या नावांचे स्मारक आहे. आपण तिकडे गेला नसाल तर पुढच्या वेळी जाऊन यावे, पुणेकर फारसे जात नाहीत.

पुढे १९४६ ते १९४९ यादवी युद्ध झाले. एप्रिल १९४८ मध्ये डाव्या बंडखोरांनी कलाव्रितावर हल्ला करून ते काही काळ ताब्यात घेतले. म्हणजे घरांची राख उपसून चार वर्षे होतात न होतात तोच त्या बायकांनी पुन्हा गोळीबार ऐकला. सावरण्याचा काळ मोजायचा तर तो १९४९ नंतर मोजावा, असे माझे मत आहे.

नारायण पेठेतली आजी यांचे उत्तर

वानवडीच्या दादांना एवढेच सांगते, की सावरणे १९४९ मध्ये सुरू झाले नाही. ते १३ डिसेंबरलाच संध्याकाळी सुरू झाले होते. कसे ते लिहिते. मास्तरांना कर्ता हवा आहे ना?

दुभाषी यांनी लिहिलेल्या एका ओळीवर मी थांबले: एक घोंगडी आणि एका दिवसाचे अन्न. त्या बायका जळत्या शाळेतून निघाल्या तेव्हा आधी पोरांना घेऊन धावल्या, आणि मग टेकडी चढल्या. तिथे त्यांना आपापली माणसे शोधायची होती. खांदा द्यायला पुरुष उरले नव्हते, तिरडी नव्हती, लाकूड जळून गेले होते. तेव्हा त्याच घोंगड्यांत प्रेते गुंडाळून त्यांनी ती ओढत खाली स्मशानभूमीपर्यंत आणली. डिसेंबर महिना, डोंगरातली जागा, जमीन गारठून घट्ट झालेली. जे हाती लागेल त्याने आणि जिथे काही लागले नाही तिथे हातांनी त्यांनी खड्डे केले. हे काम एका दिवसात झाले नाही, पुढे कित्येक दिवस चालले, आणि त्या काळात रात्री लेकरांना जळक्या भिंतींच्या आडोशाला निजवायचे, दिवसा पुन्हा टेकडीवर जायचे, असा त्यांचा क्रम होता. एकेका बाईला नवरा, मुलगे, भाऊ, बाप असे सगळे पुरायचे होते.

माझे माहेर नारायण पेठेतच, नदीच्या अंगाला. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले आणि मागोमाग खडकवासला, तेव्हा मी सात वर्षांची होते. दोन घटनांची तुलना करत नाही. पाण्याला वैर नसते आणि ते माणसे निवडून मारत नाही. पण पुढचे मला दिसते. पूर ओसरल्यावर आमच्या वाड्याच्या तळमजल्यावर गुडघाभर चिखल होता आणि धरणच गेल्यामुळे नळाला पाणी नव्हते. आईने पितळी पातेल्याने तो चिखल उपसला, आडाचे पाणी काढून भिंती धुतल्या, आणि धान्याच्या कोठीतून फुगलेले तांदूळ बाहेर टाकताना पहिल्यांदा रडली. तोवर रडली नव्हती. गोखलेनगर, सहकारनगर इथे पूरग्रस्तांची वस्ती झाली याची नोंद सर्वत्र आहे. पातेल्याची नाही. ते पातेले अजून माझ्याकडे आहे, बूड वाकडे झाले आहे, पण टाकवत नाही.

कलाव्रिताच्या विधवांनी काळे कपडे घातले ते बहुतेकींनी मरेपर्यंत उतरवले नाहीत. ज्या मुलांना त्यांनी वाढवले ती तेराच्या आतली होती. मोठी होऊन ती शेतीला, मेंढ्यांना, धंद्याला लागेपर्यंतची दहा-बारा वर्षे गाव कोणी चालवले असेल, याला वेगळा पुरावा कशाला हवा? जनगणनेच्या कागदावरही ते दिसेल. तेव्हा मास्तर, कर्ता स्त्रीलिंगी आणि अनेकवचनी घ्या.

औंधचा दुभाषी यांचे उत्तर

आजी, आपले म्हणणे मान्य. माझ्या पहिल्या उत्तरात मी सेनापतीचे नाव लिहिले आणि बायकांना ‘बाहेर पडली’ एवढ्या दोन शब्दांत आटोपले, हे आता वाचताना खटकले.

कर्त्यांच्या यादीत एक अनपेक्षित नाव मात्र घालायला हवे: एरेनगार्ड श्राम. या गॉटिंगेनच्या बाई. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, जेव्हा जर्मनीत या गावांची नावेही कोणी काढत नव्हते, तेव्हा त्या स्वतःहून ग्रीसमधल्या जाळल्या गेलेल्या गावांत गेल्या, कलाव्रितालाही गेल्या, आणि विधवांसमोर बसून त्यांचे ऐकून घेतले. काय हवे आहे, असे विचारल्यावर जे पुढे आले त्यात मुलांना हातात काही कसब मिळावे, ही मागणी होती. मग त्यांनी सरकारदरबारी खेटे घालून पैसा मिळवला आणि कलाव्रिताच्या पोरक्या तरुणांना जर्मनीत कारागिरीच्या शिक्षणासाठी नेण्याची व्यवस्था केली. ज्यांच्या बापाला जर्मनांनी मारले ती मुले जर्मन कारखान्यांत लेथ आणि वायरिंग शिकली. आपला मुलगा तिकडे पाठवताना एखाद्या आईच्या मनात काय झाले असेल, याची कल्पना मी करू शकत नाही. तरी त्यांनी पाठवले.

या बाईंचे घर पाहिले की अंगावर काटा येतो. त्यांची बहीण एलिझाबेथ फॉन थाडेन हिला नाझी राजवटीविरुद्ध बोलल्याबद्दल सप्टेंबर १९४४ मध्ये मृत्युदंड दिला गेला. आणि नवरा, नामांकित इतिहासकार पेर्सी एर्न्स्ट श्राम, १९४३ पासून जर्मन सर्वोच्च सेनापतीच्या कार्यालयात युद्धाची अधिकृत रोजनिशी लिहीत होता. एकाच कुटुंबात हे तिघे. नवऱ्याची रोजनिशी पुढे जाडजूड खंडांत छापली गेली आणि प्रत्येक विद्यापीठाच्या ग्रंथालयात असते. बायकोचे काम कलाव्रिताबाहेर फार थोड्यांना ठाऊक आहे.

हुकूम देणाऱ्यांचे काय झाले, हे श्रोते नक्की विचारतील. फॉन ल स्विर सोव्हिएत कैदेत १९५४ मध्ये मेला. कलाव्रिताबद्दल त्याच्यावर खटला चालला नाही. त्याच्या वरचा कोअर कमांडर हेलमुथ फेल्मी याला न्युरेंबर्ग येथे १९४८ मध्ये १५ वर्षांची शिक्षा झाली आणि १९५१ च्या अखेरीस तो सुटलासुद्धा.

डेक्कनचा वकील यांचे उत्तर

नुकसानभरपाईचा मुद्दा अजून कोणी काढला नाही म्हणून थोडक्यात लिहितो. १९६० मध्ये पश्चिम जर्मनीने ग्रीसला नाझी छळाच्या बळींसाठी ११ कोटी ५० लाख मार्क दिले आणि विषय मिटला, अशी जर्मनीची कायम भूमिका राहिली. गावकऱ्यांना ती मान्य नव्हती. कलाव्रितात मारल्या गेलेल्यांच्या वारसांनी १९९५ मध्ये गावातल्याच न्यायालयात दावा लावला. एका सार्वभौम राज्याला दुसऱ्या राज्याच्या न्यायालयात खेचता येत नाही, या तत्त्वावर १९९८ मध्ये तो फेटाळला गेला. अपील पात्रासच्या न्यायालयात गेले आणि तिथून एक प्रश्न लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाकडे पाठवण्यात आला: युद्धात सैन्याने केलेल्या हत्येची भरपाई मागणे हे ‘दिवाणी प्रकरण’ ठरते काय? १५ फेब्रुवारी २००७ रोजी उत्तर आले की ठरत नाही; सैन्याची कारवाई हा राज्याच्या सार्वभौम अधिकाराचा वापर आहे. कायद्याच्या चौकटीत तो निकाल तर्कशुद्ध आहे, आणि तरीही तो वाचताना माझ्यासारख्या वकिलालाही पान उलटवत नाही. ज्या कृत्याला खून म्हणायचे, ते राज्याने मोठ्या प्रमाणावर केले म्हणून दिवाणी न्यायालयाच्या कक्षेबाहेर जाते, असा त्याचा साधा अर्थ होतो.

मध्य ग्रीसमधल्या दिस्तोमो या गावाचे प्रकरण जास्त गाजले. तिथे १० जून १९४४ रोजी २१८ माणसे मारली गेली होती. लिवादियाच्या न्यायालयाने १९९७ मध्ये वारसांच्या बाजूने निकाल दिला, ग्रीसच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये तो उचलून धरला, पण अंमलबजावणीस लागणारी परवानगी ग्रीक सरकारनेच दिली नाही. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ३ फेब्रुवारी २०१२ रोजी जर्मनी विरुद्ध इटली या खटल्यात जर्मनीच्या बाजूने कौल दिल्यावर दारे जवळपास बंदच झाली.

न्यायालयाबाहेर जे झाले ते असे. ४ एप्रिल २००० रोजी जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष योहानेस राऊ कलाव्रितात आले आणि त्या टेकडीवर त्यांनी शोक व शरम व्यक्त केली. ‘क्षमा’ हा शब्द त्या वेळी त्यांनी उच्चारला की टाळला यावर बरीच चर्चा झाली, कारण कायद्यात त्या शब्दाला वजन असते. आमच्या धंद्यात शब्द असेच तोलले जातात.

कोथरूडचे मास्तर यांचे उत्तर

आपणा सर्वांचा ऋणी आहे. एवढे मिळेल असे वाटले नव्हते.

ऑस्ट्रियन सैनिकाला मी व्याख्यानात जागा देणार आहे, पण दुभाषी म्हणतात त्या दुसऱ्या बाजूसकट. अगिया लाव्राच्या झेंड्याबद्दलही असेच आहे, हे काल वाचनालयात वाचताना लक्षात आले: २५ मार्च १८२१ ला बिशप गेर्मानोस यांनी तिथे झेंडा उभारून शपथ दिली ही कथा प्रत्येक ग्रीक मूल शाळेत शिकते, आणि इतिहासकार मात्र त्या दिवशी ते तिथे नव्हते असे सांगतात. गावाने स्वतःबद्दल जपलेल्या दोन्ही प्रसिद्ध गोष्टी अशा डळमळीत निघाव्यात, आणि जी शंभर टक्के घडली ती घोंगड्यांची गोष्ट वाटाड्याच्या तोंडी नसावी, याचे मला आश्चर्य वाटते. की वाटू नये? श्रोत्यांना विचारून पाहीन.

वानवडीच्या साहेबांचा कैद्यांचा मुद्दा मी वेगळा घेईन; त्यावर सभागृहात वाद होणार हे उघड आहे आणि झाला तर बरेच. वकील साहेबांचा २००७ चा निकाल सोप्या मराठीत एका परिच्छेदात बसवण्याचा प्रयत्न चालू आहे, अजून जमलेला नाही. पुढचा काळ मी पटकन ओलांडणार आहे: हेल्मोस पर्वतावर १९८८ मध्ये बर्फावरच्या खेळांचे केंद्र सुरू झाले, शनिवार-रविवारी अथेन्सचे लोक येऊ लागले, आमच्यासारखे गाडीच्या हौसेने येणारेही आहेतच, आणि तिथल्या फेटा चीजचे नाव दूरवर आहे. आम्ही स्थानकासमोरच्या टपरीवर खाल्ले, मीठ जरा जास्त होते.

आजींना एक विनंती. व्याख्यान १३ डिसेंबरला संध्याकाळी साडेपाचला ठरले आहे. आपण नारायण पेठेत राहता म्हणजे सभागृह चालत दहा मिनिटांवर येईल. जमले तर या, आणि ते पातेले जड नसेल तर घेऊन या. मला ते टेबलावर ठेवायचे आहे.

नारायण पेठेतली आजी यांचे उत्तर

जड आहे. नातवाला घेऊन येते.